शहाण्णव तुकडे आणि एक तळ

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या मामेभावानं मला एका लाकडी वाडग्याचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती : 'कसा झालाय? खरं सांग.' मी लोकलमध्ये उभी होते. दोन बोटांनी फोटो मोठा केला. सागाच्या सोनेरी-तपकिरी भिंतीवर शिसवीची बारा काळी माणसं फेर धरून उभी होती, वारली चित्रातल्यासारखी. मी 'एक नंबर, दादा!' असं लिहिलं, तीन बदाम पाठवले आणि फोन पिशवीत टाकला.

ऑगस्टमध्ये शिरगावला मामाकडे गेले, तेव्हा तो वाडगा टीव्हीशेजारी ठेवलेला दिसला. तळापासून वर दोन बोटं एक सरळ फट गेली होती. नख आत जाईल एवढी. "पावसानं गेला," दादा म्हणाला आणि त्यानं विषय बदलला.

हे उत्तर मला तेव्हा पटलं आणि परतीच्या गाडीत पटेनासं झालं. पाऊस तर दर वर्षी येतो. समुद्रकाठच्या गावात जून ते सप्टेंबर मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं. अशा गावात बनणारी वस्तू पाऊस धरूनच बनायला हवी. दुसरं म्हणजे, मी एरवी लोकांच्या कथा-कादंबऱ्यांवर लिहिते. तिथे दोन प्रकरणांमधला सांधा कच्चा असेल तर पानभर खर्च करते. इथे एका माणसानं 'खरं सांग' म्हणून विचारलं होतं आणि मी नक्षी बघून मोकळी झाले. हा लेख म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. उशीर झाला, पण मध्यंतरी त्यानं दुसरा वाडगा केला आहे, त्यामुळे आता दोन्हींबद्दल बोलता येईल.

बारा तुकड्यांचं कडं

असा वाडगा एका ओंडक्यातून निघत नाही. आपली जुनी काठवट एका ओंडक्याची असायची. जाड लाकूड घ्यायचं, वाकसानं पोखरायचं, पटाशीनं साफ करायचं, आणि त्यात भाकरीचं पीठ मळायचं. इथे सगळं उलट. लाकडाच्या पट्टीचे छोटे तुकडे कापायचे, ते गोलात चिकटवून एक कडं तयार करायचं, कड्यावर कडं रचत जाडजूड नळकांडं उभं करायचं, आणि मग ते लेथवर फिरवत आतून-बाहेरून तासायचं. याला सेगमेंटेड टर्निंग म्हणतात. अमेरिकेत हा लाकूडकामाचा एक वेगळा प्रकारच झाला आहे. तिथल्या माल्कम टिबेट्स यांचं या कामावरचं सविस्तर पुस्तक २००५ साली आलं. दादानं मात्र पुस्तक पाहिलेलं नाही. तो शिकला यूट्यूबवर आणि बोईसरच्या कारखान्यात.

हिशोब सोपा वाटतो. एका कड्यात बारा तुकडे. ३६० अंशांचे बारा भाग म्हणजे ३०, आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांना त्याचा निम्मा, म्हणजे १५ अंशांचा काप. आठ इंच व्यासाचं कडं हवं असेल, तर प्रत्येक तुकड्याची बाहेरची कड साधारण दोन इंच एक सूत. आठ सुतांचा एक इंच, हे माप सुतारांच्या तोंडी अजून आहे. अशी आठ कडी रचली की तुकडे झाले शहाण्णव.

आता खरी गंमत. एका कड्यात बारा सांधे आणि प्रत्येक सांध्याला दोन काप, म्हणजे काप चोवीस. करवतीचा कोन अंशाच्या फक्त दहाव्या भागानं चुकला, तरी चोवीस वेळा मिळून ती चूक २.४ अंशांची होते. आठ इंची कड्याच्या बाहेरच्या कडेला ती चार मिलिमीटरहून मोठी फट म्हणून दिसते. पहिला सांधा बघा, निर्दोष. पाचवा बघा, निर्दोष. सगळी चूक शेवटच्या तुकड्याजवळ गोळा होते. कादंबरीचा शेवट फसला की आपण शेवटाला नावं ठेवतो, तेव्हा बहुधा असंच काहीतरी झालेलं असतं.

यावर कारागिरांनी एक उपाय काढला आहे. पूर्ण कडं एकदम चिकटवायचं नाही. सहा-सहा तुकड्यांची दोन अर्धी कडी करायची, त्यांची टोकं सपाट चकतीवर एकत्र घासून सरळ रेषेत आणायची, आणि मग दोन अर्धी जोडायची. चोवीस कापांची साचलेली चूक त्या दोन घासलेल्या टोकांत जिरते. कडी रचताना गवंडी विटांची करतात तशी सांधेमोड करायची, म्हणजे खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? कारणं आहेत, आणि ती चांगली आहेत. आठ इंची वाडगा निघेल एवढा जाड, न चिरलेला सागाचा ओंडका आज कुणाला परवडतो? फर्निचरच्या कारखान्याबाहेर मात्र बोटभर लांबीचे तुकडे पोत्यानं पडलेले असतात. ते एरवी चुलीत जातात. दुसरं कारण लाकडाच्या स्वभावातलं आहे, त्याकडे मी येतेच. तुकडे जोडणं ही केवळ हौस नाही. या पद्धतीला स्वतःचं डोकं आहे. म्हणूनच तिच्याकडून डोक्यानं केलेल्या कामाची अपेक्षा ठेवता येते.

कातीव

मराठीत आपण एखाद्या चेहऱ्याला, दगडी खांबाला, कधी कवितेच्या ओळीलाही 'कातीव' म्हणतो. आखीव, रेखीव, घोटीव यांच्या रांगेतला हा शब्द. त्याचा मूळ अर्थ लेथवर कातलेलं. लाकूड फिरवून त्याला पटाशी लावायची हे कातणं, आणि हे काम करणारा तो कातारी. पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, लाटणं, भोवरा ही त्याची कामं. हा शब्द आता आडनावात उरला आहे. पालघर-बोईसर पट्ट्यात 'मी टर्नर आहे' असं कुणी म्हटलं, तर तो आयटीआयमधून टर्नरचा कोर्स करून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड कातणारा माणूस असतो. दादाही तसाच.

लोखंडाच्या लेथवर हत्यार यंत्रात घट्ट बसवलेलं असतं. चाक फिरवून ते किती पुढे जाईल ते ठरतं, आणि मिलिमीटरचा शंभरावा भागही मोजता येतो. लाकडाच्या लेथवर पटाशी एका आडव्या टेकूवर ठेवलेली असते आणि तिचा दांडा माणसाच्या हातात. वळण किती घ्यायचं, कुठे थांबायचं, हे मनगट ठरवतं. जुना कातारी तर जमिनीवर बसून काम करायचा. धनुकलीच्या दोरीनं लाकूड पुढे-मागे फिरायचं आणि हत्यार हातापायांनी धरलेलं असायचं. लाकूड उलट फिरताना हत्यार कापत नाही, म्हणून निम्मा वेळ ते नुसतं थांबवून धरायचं. विजेच्या मोटरनं हे थांबणं काढून टाकलं.

कातकामाची जी नक्षी आपल्याला परिचित आहे, ती फिरण्यातूनच जन्मते. चन्नपट्टणची खेळणी आठवा. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडाला चिकटते, मग केवड्याच्या जातीच्या पानानं ती घोटतात. त्यातून फक्त एकच प्रकारची नक्षी होऊ शकते : आडवे पट्टे. लाल, पिवळा, हिरवा, पुन्हा लाल. यंत्राची गती आणि नक्षी एकच असतात, म्हणून ती खेळणी डोळ्यांना कधी टोचत नाहीत.

तुकड्यांच्या वाडग्यात नक्षी आधी ठरते. कोणता तुकडा काळा, कोणता पिवळा, हे कागदावर आखलेलं असतं, आणि मग लेथ फिरतो. उभी रेघ, तिरकी रेघ, चौकट, माणूस, फिरण्याशी संबंध नसलेलं काहीही त्यात घालता येतं. ताकद मोठी, धोकाही तेवढाच. वाडग्याच्या भिंतीला जसं वळण द्याल तसा त्या तुकड्यांचा वेगवेगळा छेद उघडा पडतो. पोटाला फुगवटा दिला की तुकडे रुंद दिसतात, कमरेला आत घेतलं की अरुंद. म्हणजे आकार बदलला की नक्षी बदलणारच. नक्षी जशीच्या तशी हवी असेल, तर आकाराला हलायला बंदी करावी लागते.

दादाच्या पहिल्या वाडग्यात नेमकं हेच झालं होतं. बारा माणसं बिघडू नयेत म्हणून त्यानं भिंत सरळ ठेवली होती, जवळजवळ बालदीसारखी. फोटोत हे कळत नव्हतं, कारण फोटो माणसांचा होता. हातात घेतल्यावर कळलं. बोटं कुठे ठेवावीत हे वाडगा सांगत नव्हता. वाडगा हा आधी पोकळीला दिलेला आकार असतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर जेम्स प्रेस्टिनी या अमेरिकन माणसानं एकसंध लाकडातून पातळ, बिननक्षीचे वाडगे कातले, आणि ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेले. त्यांच्याकडे पाहताना नजर वळणावरून घसरत काठापर्यंत जाते. दादाच्या वाडग्यावर नजर माणसं मोजते आणि थांबते.

फट

आता त्या फटीकडे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी आहे असं समजा. हवेतलं पाणी शोषलं की नळ्या जाड होतात, लांब जवळजवळ होत नाहीत. म्हणून लाकूड तंतूंच्या लांबीकडे फारसं हलत नाही आणि आडवं हलतं. आडव्यातही वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं जास्त, गाभ्याकडून सालीकडे कमी. झाड कापून कितीही वर्षं झाली तरी ही हालचाल थांबत नाही. पावसाळ्यात कपाटाचं दार घट्ट बसतं आणि मार्चमध्ये सुटतं, ते यामुळेच.

तुकड्यांच्या कड्याचं शहाणपण इथे आहे. प्रत्येक तुकड्याचे तंतू घेराच्या दिशेनं जातात. त्यामुळे पावसाळ्यात कडं थोडं जाड होतं, थोडं उंच होतं, पण त्याचा घेर फारसा बदलत नाही. एका ओंडक्यातून कातलेला वाडगा वाळताना लंबगोल होतो, हा मात्र गोलच राहतो. पटाशीलाही सगळीकडे तंतूंची कूसच लागते. एकसंध वाडग्यात दर फेऱ्याला दोनदा तंतूंची आडवी कापलेली टोकं समोर येतात आणि हत्यार अडखळतं.

मग दादाचा वाडगा का फुटला? त्याच्या तळामुळे. कड्यांच्या आत त्यानं सागाची एकच गोल फळी बसवली होती, चार इंच व्यासाची, आणि चारही बाजूंनी चिकटवली होती. फळीचे तंतू एकाच दिशेनं जाणारे. जानेवारीत ती कोरडी होती. जुलैत ती आडवी फुगली. चार इंच रुंदीची फळी मिलिमीटरभर फुगली तरी पुरे. तिच्याभोवतीचं कडं मात्र घेर बदलायला तयार नव्हतं, कारण तसं न बदलणं हाच त्याचा गुण. दोघांच्या भांडणात जिथे तुकड्यांची टोकं टोकांना चिकटवली होती तो सांधा सुटला. टोकाला टोक चिकटवलेला सांधा नेहमीच सगळ्यांत कच्चा असतो, कारण उघड्या नळ्या डिंक पिऊन टाकतात.

यातली बोचणारी गोष्ट अशी, की दादाचं माप चुकलं नव्हतं. माप अचूक होतं म्हणूनच वाडगा फुटला. लोखंडात बुश दाबून बसवतात तसा त्यानं तळ दाबून बसवला होता. केसभर जागा सोडली नव्हती. बोईसरच्या कारखान्यात ज्या सवयीसाठी त्याला शाबासकी मिळते, त्याच सवयीनं लाकडात त्याला दगा दिला. फोटो पाहून मी 'सांधे काय जुळलेत!' असं म्हणाले असते, तर तेही चुकीच्या गोष्टीचं कौतुक झालं असतं.

चाक आणि होडी

लाकडाचे तुकडे गोलात जोडायची विद्या आपल्याकडे कमी नव्हती. बैलगाडीच्या चाकाचा घेरा एका लाकडाचा नसतो. कमानीसारखे कापलेले तुकडे एकापुढे एक लावून तो होतो, आणि एका तुकड्यात साधारण दोन आरे घुसतात. चाक म्हणजे तुकड्यांचं कडंच. फरक एवढाच, की चाकाच्या सांध्यांना डिंक धरून ठेवत नाही. लोखंडी धाव तापवून चाकावर चढवतात, वरून पाणी ओततात, धाव आकसते आणि सगळे सांधे एकमेकांवर दाबते. लाकूड उन्हाळ्यात आकसून चाक खिळखिळं झालं, की गाडीवान ते पाण्यात भिजत ठेवायचा. लाकूड हलणार हे धरूनच चाक बनलेलं असायचं.

दुसरं उदाहरण शिरगावच्या शेजारी सातपाटीला आहे. आता फायबरच्या होड्या वाढल्या, पण लाकडी होडी फळ्यांना फळ्या जोडून होते आणि त्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर तेल-राळ भरतात. होडी जास्त दिवस कोरड्यात राहिली की फळ्या आकसतात आणि सांधे किलकिले होतात. समुद्रात उतरली की लाकूड फुगतं आणि सांधे मिटतात. ज्या पाण्यानं दादाचा वाडगा फोडला, तेच पाणी होडीला शिवतं.

चाक, होडी आणि वाडगा. तिन्ही तुकड्यांचे आहेत. चाकाला लोखंड आवळून धरतं, होडीला पाणी. वाडग्याला फक्त डिंक धरतो, म्हणून वाडग्यानं सगळ्यांत जास्त विचार करायला हवा. अशा कामाकडे पाहताना माझा पहिला प्रश्न आता हा असतो : हलणाऱ्या लाकडासाठी याच्यात जागा कुठे ठेवली आहे? नक्षीबद्दल त्यानंतर.

बारा माणसं

तरीही नक्षीबद्दल बोलायला हवं, कारण दादाला सगळ्यांत जास्त अभिमान त्या माणसांचा होता. 'आपल्या जिल्ह्याचं काहीतरी हवं ना,' असं तो म्हणाला होता. मला ही भावना समजते. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, आणि जगाला या भागाचं जे चित्र माहीत आहे ते वारली. कपावर, कुशन कव्हरवर, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर, सगळीकडे तीच माणसं. तिथून वाडग्यावर यायला कितीसा वेळ?

वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. भिंतीवर तांदळाच्या पिठानं तो काढतात, तेव्हा दोन टोकं जिथे भेटतात तिथेच सगळा जीव असतो. त्या बारीक कमरेतून माणूस वळतो, वाकतो, नाचतो. लाकडात तीच जागा सगळ्यांत दुबळी. त्रिकोणाच्या टोकाला चिकटायला अंगच नसतं. शिवाय कातताना भिंत थोडी जास्त घासली गेली की टोकं एकमेकांपासून सुटतात. दादाच्या बारा माणसांपैकी चौघांच्या कमरा तुटलेल्या होत्या आणि दोघांच्या जाड झाल्या होत्या. हे दुरून दिसत नाही. पण दुरून दिसत नाही म्हणून चालतं, असं म्हणणं वारली चित्राचाच अपमान आहे. तिथे सगळा जोर रेषेवर असतो.

आणखी एक गोष्ट. वारली चित्रांत तारप्याभोवतीचा नाच पाहा. नाचणाऱ्यांची रांग सर्पिल असते. एक टोक आत वळलेलं, दुसरं मोकळं, कुणीही येऊन हात धरावा असं. वाडग्याच्या कड्याला मोकळं टोक नसतं. त्या बारा माणसांना दादानं बंद वर्तुळात उभं केलं. माणसं तीच राहिली, नाच मात्र गेला.

परंपरा एका माध्यमातून दुसऱ्यात नेऊ नये, असं मी म्हणत नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती नेलीच की. बायका लग्नाच्या वेळी भिंतीवर जो चौक लिहीत, त्या विधीतून बाहेर पडून त्यांनी रोजचं जगणं कागदावर आणि कापडावर आणलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. भिंतीवरून कागदावर येताना त्यांची रेषा बदलली. ती बारीक झाली, जाळ्यातल्या माशांसारखी दाट झाली. नव्या जागेला काय जमतं ते त्यांनी शोधलं. दादानं फक्त आकृती उचलली. अमेरिकेतल्या सेगमेंटेड कामातही हे दिसतं. तिथल्या नैऋत्य भागातल्या आदिवासींच्या मडक्यांची आणि टोपल्यांची नक्षी लाकडाच्या तुकड्यांत उतरवलेले कितीतरी नमुने आहेत. कौशल्य पाहून थक्क व्हायला होतं. पण टोपलीची नक्षी विणण्यातून आलेली असते, तिचा लेथशी काय संबंध, हा प्रश्न मागे राहतोच.

त्या काळ्या माणसांसाठी दादानं शिसवी लाकूड आणलं कुठून, तेही सांगते. आजोबांच्या मोडक्या पलंगाच्या एका पायातून. तो पाय कुणा कातारीनं कातलेला होता, दोन गोळे आणि मधे नाजूक कंबर. कातीव वस्तू कापून त्यानं कातीव वस्तू सजवली. मोडका पलंग तसाही पडूनच होता, हे खरं. पण उरलेले तीन पाय माळ्यावर आहेत, आणि मला विचाराल तर घरातलं सगळ्यांत चांगलं कातकाम अजून तेच आहे.

रील

दादावर एवढं लिहिलं, आता माझ्यावर. मी त्या वाडग्याला पसंती दिली ती फोटो पाहून. अशा कामाचे रील तुम्हीही पाहिले असतील. तुकडे कापले, चिकटवले, लेथ फिरला, भुसा उडाला, आणि शेवटी कापडानं तेल लावलं. कोरडं, फिकं लाकूड तेलाखाली एकदम रंगीत होतं. रील तिथेच संपतो, कारण त्याहून सुंदर क्षण पुढे नसतो. मध्ये डिंक वाळायची रात्र असते, लाकूड मुरायचे महिने असतात, ते कापलेले असतात. ऑगस्ट तर कधीच नसतो.

याचा परिणाम बनवणाऱ्यावर होतो. दोन सेकंदांत ओळखू यावं असं काहीतरी वाडग्यावर असावं लागतं, म्हणून माणसं येतात. बाहेरची बाजू कॅमेऱ्याला दिसते म्हणून तिथे नक्षी येते, आणि तळ दिसत नाही म्हणून तळाचा विचार होत नाही. पाहणारेही तसेच घडतात. मी वाडगा हातात न घेता, उलटा करून तळ न पाहता, आत हात न फिरवता मत दिलं. वाडग्यावर मत द्यायचं तर किमान एवढं करायला हवं, आणि जमलं तर एक पावसाळा थांबायला हवं.

दुसरा वाडगा

फट दिसली त्या ऑगस्टमध्ये आम्ही जेवायला बसलो होतो. मामा वाडग्याकडे बघत होता. मग त्यानं घराच्या जुन्या दाराकडे बोट केलं आणि दादाला विचारलं, "दाराची फळी कुणी सरस लावून बसवतं का रे?"

दार असं असतं : बाहेर चौकट, चौकटीच्या आतल्या बाजूला खाच, आणि त्या खाचेत फळी नुसती सरकवलेली. ना खिळा, ना सरस. पावसाळ्यात फळी फुगली तर खाचेत पुढे सरकते, उन्हाळ्यात आकसली तर मागे येते. चौकटीला काही होत नाही. मामा सुतार नाही. पण पन्नास वर्षं त्यानं त्या दाराला दर पावसाळ्यात घट्ट होताना आणि दर हिवाळ्यात सुटताना पाहिलं आहे.

दिवाळीनंतर दादानं दुसरा वाडगा केला. आठ कडी, प्रत्येकात बारा तुकडे, सगळे सागाचे आणि सगळे फर्निचरच्या कारखान्याबाहेरच्या पोत्यातले. माणसं नाहीत. तुकडे वेगवेगळ्या फळ्यांचे असल्यामुळे सागाच्याच पाच-सहा छटा आहेत, कुठे मधासारखी, कुठे चहासारखी, आणि सांधेमोडीमुळे त्या तिरक्या चढत जातात. ही नक्षी कागदावर आखलेली नव्हती. भिंत तळाशी अरुंद आहे, मधे पोट धरते, काठाशी किंचित आत येते. दोन्ही तळव्यांत तो आपोआप बसतो.

तळ मामाच्या दारासारखा आहे. सर्वांत खालच्या कड्याला आतून खाच आहे, तिच्यात गोल फळी ठेवली आहे, आणि वरचं कडं चिकटवून ती आत अडकवली आहे. फळीला डिंकाचा थेंब लागलेला नाही. चहूबाजूंनी तिला मिलिमीटरभर मोकळी जागा आहे. त्यामुळे या वाडग्यात आमटी वाढता येणार नाही. चिकू ठेवा, लसूण ठेवा, किल्ल्या ठेवा.

दोष आहेत. काठ जाड राहिला आहे. दादा पातळ करायला घाबरला आणि शेवटच्या दोन कड्यांवर ती भीती दिसते. पोटाचं वळण वर जाताना एका जागी सपाट होतं, तिथे बोट फिरवलं की पायरी लागते. आतल्या बाजूला घासकाम बाहेरच्याइतकं मन लावून झालेलं नाही. तिसऱ्या वाडग्यात हे सुधारता येईल. पण या वाडग्यात तुकडे का आहेत, या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते वाडगा हातात घेतला की मिळतं. पहिल्यात ते नव्हतं.

या वाडग्यानं एक पूर्ण पावसाळा काढला आहे. जुलैत मी तो हलवून पाहिला, तेव्हा तळ घट्ट होता, आवाज नाही. परवा, जानेवारीत, पुन्हा हलवला. आत फळी अगदी हलकेच वाजली, खुळखुळ्यासारखी. दादानं लगेच वाडगा माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "हा आवाज कसा घालवायचा?"

दादा, खरं सांगू? घालवू नकोस. काठ मात्र पातळ कर.